बस हलण्याआधी: शाळेच्या बसमधल्या प्रत्येक मुलाचा सीटबेल्ट कसा लावून घ्यायचा

“सगळ्यांनी बेल्ट लावले का रे?”

“होऽऽ काका!”

आणि गाडी सुटते. बेल्टची तपासणी बहुतेक ठिकाणी इथेच संपते. चाळीस मुलांनी एका सुरात दिलेला होकार म्हणजे नुसता आवाज. शाळेच्या गाड्या आणि त्यांचे चालक यांचं काम मी काही वर्षं सांभाळलं, आणि सुरुवातीला मीही त्या ‘हो’वरच गाड्या सोडत होतो. एकदा सहलीला जाताना गाडी मध्येच थांबवावी लागली. सहज मागपर्यंत चालत गेलो, तर मागच्या चार रांगांत एकाचाही बेल्ट लागलेला नव्हता. दोघांनी पट्टा नुसता मांडीवर पसरून ठेवला होता, म्हणजे लांबून लावल्यासारखा दिसावा.

मुलं ऐकत नाहीत, ही चालकांची नेहमीची तक्रार. माझ्या मते तक्रार निम्मीच खरी आहे. गाडी चालू झाली की बेल्टची आठवण होते, मग आरशात बघून ओरडणं सुरू होतं. मुलांना तोवर कळून चुकलेलं असतं की बेल्ट लावला नाही तरी गाडी निघते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळला तर पुढचे लंगडे पडतात.

१. आधी गाडी तपासा, मुलं नंतर

बेल्ट न लावण्याची निम्मी कारणं गाडीतच सापडतात. पट्टा दोन गाद्यांच्या फटीत गेलेला, बकलमध्ये चॉकलेटचा कागद कोंबलेला, पट्ट्याला पीळ पडून तो गुंडाळणारं रीळ अडकलेलं. मूल दोनदा ओढून बघतं आणि सोडून देतं. त्यात त्याचं काय चुकलं?

गाडी रिकामी आणि सपाट जागेवर उभी असताना प्रत्येक सीटवर स्वतः बसा. आरामात धरा, सीटमागे अर्धं मिनिट. बसल्यावर हे बघायचं:

- पट्टा पूर्ण बाहेर काढा. कडेला दोरे सुटलेत का, कुठे कापला किंवा जळला आहे का, पीळ आहे का.
- बकल लावा, जोरात ओढा, मग बटण दाबून सोडा. बटण एका अंगठ्याने दबलं पाहिजे. तुम्हाला जोर लावावा लागत असेल तर सहा वर्षांच्या मुलाला ते उघडणारच नाही.
- आपोआप गुंडाळणारा बेल्ट असेल तर पट्ट्याला एक झटका द्या. तो जागच्या जागी अडकला पाहिजे. सोडल्यावर पूर्ण आत गेला पाहिजे.
- नुसता कमरेचा, हाताने घट्ट करायचा बेल्ट असेल तर घट्ट केल्यावर तो ओढून सैल होत नाही ना, हे बघा.
- सीट दोन्ही हातांनी हलवा. सीटच डुलत असेल तर बेल्टचा काय उपयोग?

बकलमधला कचरा हवा मारून किंवा व्हॅक्यूमने काढा. तेल घालू नका. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट अवस्था होते. पट्टा मळला असेल तर सौम्य साबणाचं पाणी पुरे. ब्लीच किंवा तत्सम रसायनाने धागे कमजोर होतात.

सावधान: पट्टा लांब वाटतो म्हणून गाठ मारणं, फाटला म्हणून शिवणं, दोन्ही चालणार नाही. अपघातात ताण बसलेला पट्टा वरून कितीही धडधाकट दिसला तरी बदलायचा. नादुरुस्त बेल्टच्या सीटवर आडवी टेप लावा, नंबर लिहून घ्या आणि दुरुस्तीपर्यंत तिथे कोणी बसणार नाही असं करा. ‘आजच्या दिवस बसू दे’ इथूनच सगळं ढिलं पडतं.

तपासणी झाली की चालू बेल्ट मोजा आणि तो आकडा मुलांच्या संख्येशी ताडून बघा. मुलं जास्त असतील तर पुढचं काही वाचू नका. आधी शाळेशी किंवा गाडीमालकाशी बोला. दोन मुलांना एका बेल्टमध्ये बसवणं हा तोडगा नव्हे. धडकेत ती एकमेकांवरच आदळतात. मोठ्या माणसाच्या मांडीवर मूल आणि दोघांभोवती एकच पट्टा, हे तर त्याहून वाईट. मोठ्याचं सगळं वजन त्या मुलावर येतं.

२. वेळापत्रकात बेल्टची मिनिटं घाला

हा टप्पा चालकाच्या हातातला नाही, आणि बरोबर म्हणूनच तो राहून जातो.

समजा मार्गावर १२ थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर बसणं, बॅग ठेवणं आणि बेल्ट लावणं यात ३० सेकंद जास्त गेले तर एका फेरीला ६ मिनिटं वाढली. ती ६ मिनिटं वेळापत्रकात नसतील तर चालक ती कुठून आणणार? एक तर बेल्टमधून, नाही तर वेगातून. म्हणून शाळेला लेखी सांगा: फेरी एवढ्या मिनिटांनी आधी सुरू होईल. पालकांनाही कळवा. पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल, ती ऐकून घ्या.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट लेखी घ्या. मुलाने बेल्ट लावला नाही तर जबाबदार कोण, चालक, गाडीमालक, शाळा की विशिष्ट वयानंतर ते मूल स्वतः, याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. तुमच्या भागातला नियम आणि शाळेचा नियम एका कागदावर असू द्या. गाडी थांबवून ठेवण्याचा अधिकार चालकाला आहे, हे वाक्य त्या कागदावर असलंच पाहिजे. ते नसेल तर पुढचा सातवा टप्पा तुम्हाला जमणार नाही.

३. जागा ठरवून द्या

‘जो आधी येईल तो खिडकीशी’ असा कारभार असेल तर कोणाचा बेल्ट बघायचा हे चालकाला कळतच नाही. जागा नेमून दिल्या की काम अर्ध्यावर येतं.

मदतनीस नसलेल्या गाडीत मी हा क्रम वापरायचो: सकाळी आधी चढणारी मुलं मागे, नंतर चढणारी पुढे. गाडी मागून पुढे भरत येते, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर नव्याने बसलेली मुलं चालकाच्या जवळ असतात. मागच्यांचे बेल्ट आधीच तपासून झालेले असतात. परतीचा मार्ग उलटा असेल तर त्याच जागा पुन्हा चालतात, कारण आधी उतरणारी मुलं पुढेच बसलेली असतात. परतीला गाडी त्याच दिशेने गोल फिरत असेल तर मात्र हा हिशेब उलटतो. मागची मुलं आधी उतरू लागतात. तेव्हा परतीच्या जागा वेगळ्या लावा.

दोन अपवाद. अगदी लहान मुलं, कुठूनही चढली तरी, पुढच्या दोन-तीन रांगांत. आणि शेवटच्या रांगेतली मधली सीट शक्यतो रिकामी ठेवा. तिच्यासमोर दुसऱ्या सीटची पाठ नसते, सरळ मोकळी वाट असते. जोरात ब्रेक लागला तर तिथलं मूल थेट पुढे फेकलं जातं. भरावीच लागली तर तिथे बेल्ट न विसरणारं मूल बसवा. मस्तीखोर पोरं नेमकी तीच सीट मागतात, हे वेगळं सांगायला नको.

४. पहिल्या दिवशी उभ्या गाडीत शिकवा

बेल्ट लावता येत नाही हे मोठी मुलं कबूल करत नाहीत, आणि लहानांना ते सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांनाच शिकवा. इंजिन बंद, गाडी शाळेच्या आवारात, पंधरा मिनिटं. चार शब्द पाठ करून घ्या:

हळू. खट्. खाली. खेच.

*हळू:* पट्टा हळू ओढायचा. झटका दिला की रीळ अडकतं. त्याचं कामच ते आहे. “काका, माझा बेल्ट खराब झालाय” या तक्रारींपैकी बऱ्याचशा निव्वळ झटक्याच्या असतात. अडकला तर पट्टा थोडा आत जाऊ द्यायचा आणि पुन्हा सावकाश काढायचा. चढावर किंवा एका बाजूला कललेल्या रस्त्यावर गाडी उभी असेल तर सरळ ओढूनही काही बेल्ट अडकतात, तेव्हा मुलांवर डाफरण्याआधी थांबा कुठे घेतलाय ते बघा.

*खट्:* बकलमध्ये आवाज येईपर्यंत दाबायचं. गाडीतल्या कलकलाटात आवाज ऐकू येईलच असं नाही, म्हणून लगेच एकदा ओढून बघायचं.

*खाली:* कमरेचा पट्टा पोटावरून खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे सरकवायचा.

*खेच:* खांद्याचा पट्टा वर खेचून ढिलाई काढायची. कमरेचाच बेल्ट असेल तर त्याचं मोकळं टोक खेचायचं. पट्टा आणि अंग यांच्यात आडवी दोन बोटं जातील एवढाच घट्ट.

“पोलीस पकडतील” हे कारण सांगू नका, मुलं रस्त्यावर पोलीस आहे की नाही तेवढंच बघायला शिकतात. खरं कारण त्यांना नीट कळतं: गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली असेल तर आपणही सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे जात असतो. गाडी एकदम अडली, तरी बेल्ट नसेल तर आपण थांबत नाही. त्या वेगाने समोर आदळणं म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखं आहे. ताशी ४० ला ही उंची ६ मीटरच्या वर भरते. समोरच्या सीटची जाड, उंच पाठ समोरच्या धडकेत थोडं सांभाळून घेते. गाडी उलटली किंवा बाजूने ठोकली गेली तर तिचा काडीचा उपयोग नाही.

५. रोजचा क्रम

१. गाडी पूर्ण थांबवा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, मगच दार उघडा.

२. मुलं चढतात. बॅग पाठीवरून काढून सीटखाली किंवा पायांपाशी. पाठीवर बॅग ठेवून बेल्ट लावला तर मूल सीटच्या कडेवर येतं आणि पट्टा सैल राहतो. मांडीवर बॅग घेऊन तिच्यावरून पट्टा, हेही नाही. वाटेत बॅग ठेवू देऊ नका. बाहेर पडायची वेळ आली तर तीच पायात येते.

३. जाड जाकीट असेल तर पुढून उघडायचं आणि पट्टा त्याच्या आतून घ्यायचा. फुगीर कापड धडकेत दबतं आणि तेवढा बेल्ट सैल होतो.

४. बेल्ट लावा म्हणा. एकदाच, रोज त्याच शब्दांत.

५. मदतनीस ताई किंवा दादा असतील तर ते वाटेतून मागपर्यंत जाऊन *बघतात*. विचारत नाहीत. येताना पुढे बघत यायचं, म्हणजे प्रत्येक सीट दोन बाजूंनी दिसते. मदतनीस नसेल तर “अंगठा दाखवा” म्हणा: प्रत्येकाने खांद्याच्या पट्ट्याखाली अंगठा घालून तो पुढे ओढून दाखवायचा. पुढच्या काही रांगांत हे चालकाला वळून दिसतं. नुसते कमरेचे बेल्ट असतील तर ते सीटच्या पाठीमागे लपतात; तिथे उठून जाण्याला पर्याय नाही. उठायचं असेल तर इंजिन बंद आणि चावी खिशात.

६. मदतनीस बसतात, स्वतःचा बेल्ट लावतात आणि ठरलेला शब्द देतात. आमच्याकडे “झालं, निघा” हा होता.

७. चालक आपला बेल्ट लावतो. सगळ्यांना दिसेल असा. चालकाचा बेल्ट खांद्यामागे लोंबत असेल तर वरचं सगळं वाया.

८. आता हँडब्रेक सोडा.

तपासा: गाडीत कोणत्या सीटचा बेल्ट लागला हे डॅशबोर्डवर दाखवणारी सोय असेल तर फार चांगलं, पण तिच्यावर विसंबू नका. दिवा फक्त बकल लागलंय एवढंच सांगतो. पट्टा आधी लावून त्याच्यावर बसलेलं मूलही त्याच्या लेखी शहाणंच.

६. बेल्ट लागला म्हणजे नीट लागला असं नाही

तपासणाऱ्याने ओझरतं बघितलं तर या चुका हमखास निसटतात.

*पोटावरचा पट्टा.* ही सगळ्यांत नेहमीची चूक आणि सगळ्यांत कमी दिसणारी. मुलांची कमरेची हाडं अजून पूर्ण वाढलेली नसतात, त्यामुळे पट्टा सहज वर सरकतो. धडकेत सगळा जोर हाडांऐवजी पोटातल्या आतड्या-यकृतावर येतो. मूल सीटवर घसरून, लोळल्यासारखं बसलं की हे आपोआप होतं. पाठ टेकवून सरळ बसलं आहे का, हे आधी बघा.

*काखेतून किंवा पाठीमागून घेतलेला खांद्याचा पट्टा.* मुलं हे उगाच करत नाहीत. पट्टा मानेला घासतो म्हणून करतात. तेव्हा रागावून उपयोग नाही, मान मोकळी करून द्या. पट्ट्याची उंची बदलता येत असेल तर बदला, नाही तर त्या मुलाला पट्टा नीट बसेल अशा सीटवर हलवा. मोठ्यांचा तीन टोकांचा, म्हणजे कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा, बेल्ट नीट बसायला मुलाची उंची साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर लागते. त्याहून लहान मुलांसाठी बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी छोटी जादा सीट, ठेवता येईल का, हे शाळेला विचारा. बूस्टरऐवजी उशी किंवा घडी केलेलं जाकीट चालत नाही, ते खालून सटकतं.

*पिळलेला पट्टा.* रुंद पट्टा जोर पसरवतो, पिळलेला दोरीसारखा कापतो.

*शेजाऱ्याच्या बकलमध्ये लावलेला बेल्ट.* ‘बकल मिळत नाही’ असं कोणी ओरडलं की आधी शेजारच्याचं बघा.

व्हीलचेअरवर येणाऱ्या मुलासाठी दोन स्वतंत्र गोष्टी लागतात: खुर्ची गाडीला बांधणारे पट्टे आणि मुलाला धरणारा बेल्ट. खुर्चीवरचा साधा कमरेचा पट्टा बसल्या जागी तोल राहावा म्हणून असतो, त्याला सीटबेल्ट समजू नका.

सावधान: मदत करताना मुलाला आधी विचारा, काय करणार ते सांगा, समोरून करा. शक्य तिथे पट्टा मुलाच्या हातात द्या आणि बोट दाखवा. मागून हात घालून बकल लावायचं नाही. यात मुलाचीही सोय आहे आणि तुमचीही.

७. चालू गाडीत बेल्ट सोडला तर

आरशात बघत बोलू नका. ताशी ५० ला दोन सेकंद नजर मागे गेली तर गाडी जवळपास २८ मीटर न बघता पुढे गेलेली असते. मदतनीसही चालू गाडीत उठून धावत जात नाही. पडणारं पहिलं माणूस तोच असतो. बसल्या जागेवरून मुलाचं नाव घेऊन एकदा सांगायचं. नाही ऐकलं तर पुढची सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची, हँडब्रेक, आणि गप्प बसायचं.

हे गप्प बसणं चालकांना जड जातं, पण भाषणापेक्षा ते जास्त चालतं. गाडी का थांबली हे मिनिटभरात सगळ्या मुलांना कळतं आणि बाकीचं काम तीच करतात. मात्र नाव घेऊन त्या मुलाला सगळ्यांपुढे अपमानित करू नका, आणि महामार्गाच्या कडेला धडा शिकवायला थांबू नका. तिथे उभी गाडी हाच मोठा धोका आहे.

सगळ्यांत जास्त बेल्ट सुटतात ते उतरायचा थांबा जवळ आल्यावर. मूल दोनशे मीटर आधीच उठून दाराशी येतं, आणि जोराचा ब्रेक थांब्याजवळच लागतो. नियम एकच ठेवा: दार उघडल्याचा आवाज आला की बटण दाबायचं. चालकानेही शब्द पाळायचा. उठलेलं मूल परत बसेपर्यंत दार उघडायचं नाही.

८. जो लावतच नाही

कारण विचारा, एकट्याला, उतरल्यावर. लहानांचं कारण बहुधा घासणं, घट्टपणा किंवा बटण उघडता न येण्याची भीती असतं. मोठ्यांचं कारण मित्र. वरच्या वर्गातली दोन मुलं बेल्ट लावू लागली की मागची रांग सुधारते, म्हणून त्यांच्याशी आधी बोला; हुकूम न देता, “तुमचं बघून बारकी पोरं शिकतात” एवढंच.

तरीही नाही, तर पायऱ्या ठरलेल्या असू द्या: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा वहीत तारीख, सीट आणि झालेली गोष्ट, तिसऱ्यांदा शाळेमार्फत पालक. वहीत मत लिहू नका. ‘उद्धट आहे’ हे मत. ‘दोन वेळा सांगूनही बकल सोडलं, गाडी तीन मिनिटं थांबली’ ही नोंद.

सावधान: शिक्षा म्हणून मुलाला वाटेत उतरवायचं नाही. कितीही डोकं फिरलं तरी नाही. बेल्ट नसलेलं मूल गाडीत जेवढं धोक्यात आहे, त्यापेक्षा रस्त्यावर एकटं जास्त आहे.

९. सोडायचा सरावही करून घ्या

“आग लागली तर मुलं अडकतील” असं काही पालक म्हणतात. उत्तर साधं आहे: आपटून बेशुद्ध पडलेलं मूल बाहेर पडूच शकत नाही; शुद्धीत असलेलं बटण दाबून निघतं. पण ते बटण डोळे मिटूनही सापडलं पाहिजे. म्हणून सत्रातून एकदा उभ्या गाडीत सराव घ्या: डोळे बंद, बटण शोधा, दाबा, पट्टा अंगावरून बाजूला, बॅग तिथेच सोडून बाहेर. मागच्या आणि आपत्कालीन दारानेही एकदा उतरवून बघा.

पट्टा ताणलेला असेल, म्हणजे गाडी कललेली असेल, तर बटण घट्ट होतं. एका हाताने समोरची सीट धरून अंगाचा भार त्यावर घ्यायचा, मग दुसऱ्या हाताने बटण. पट्टा कापायची सुरी चालकाच्या हाताशी असावी आणि दुसरी मागच्या बाजूला मदतनिसाकडे. डिकीतली सुरी असून नसल्यासारखी. कापायचं ते बकलच्या जवळ, तिरकं, मुलाच्या अंगापासून दूर.

१०. फेरी संपल्यावर

शेवटचं मूल उतरलं की इंजिन बंद करून मागच्या रांगेपर्यंत चालत जा. प्रत्येक पट्टा फटीतून काढून सीटवर ठेवा, बकल वर दिसेल असं. दुसऱ्या दिवशी शोधाशोध वाचते. चिकट झालेलं बकल, न गुंडाळलेला पट्टा दिसला तर सीटचा नंबर लगेच वहीत लिहा. सकाळी लक्षात राहत नाही. आणि सीटवर आडवं होऊन झोपलेलं एखादं मूल मागे राहिलं असेल तर तेही याच चालण्यात सापडतं.